वर्गातून वॉर्डात

३ जून
जुनी विद्यार्थिनी दाखला न्यायला कॉलेजात आली होती. तीन वर्षं झाली, वॉर्डात नर्स आहे. चहा घेता घेता पगार सांगून गेली. सहज, बढाई नव्हती त्यात. रात्रपाळीचे भत्ते धरून माझ्या दीडपट! मी अकरा वर्षं शिकवतेय, वर मोठी पदवी. चेहरा हसरा ठेवला. मग वर्गात जाऊन रबरी दंडावर इंजेक्शन कसं द्यायचं ते दाखवलं.

४ जून
सासूबाई म्हणाल्या, शिकवणाऱ्याला मान असतो. असतो खरा. पण ह्यांच्या छापखान्यात आता आठवड्याचे तीनच दिवस काम आहे, आणि लेकीची फी मानाने भरता येत नाही.

७ जून
हॉस्पिटलात अर्ज टाकला. घरी बोलले नाही.

१६ जून
मुलाखत. तिथली मेट्रन म्हणजे शिकताना माझ्याच खोलीत राहिलेली मैत्रीण. तिने माझे कागद बाजूला सारले. इतक्या वर्षांत खऱ्या माणसाला सुई टोचलीस का, विचारलं. नाही म्हटलं. तिने बाही वर केली.
"काढ माझं रक्त."
शीर पहिल्याच खेपेला सापडली. कापूस दाबत म्हणाली, एक तारखेपासून ये.

१७ जून
ह्यांना सांगितलं. इस्त्री करत होते. शर्ट पुरा केला, घडी घातली.
"माझ्यामुळे चाललीस का?"
अर्धं तुमच्यामुळे, म्हटलं. खोटं कशाला बोलू? उरलेलं अर्धं काय, ते त्यांनी विचारलं नाही. बरं झालं. मलाही नीट सांगता आलं नसतं.

२४ जून
प्राचार्यबाईंनी राजीनामा दोनदा वाचला. पगार वाढवणं त्यांच्या हातात नाही म्हणाल्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

२ जुलै
पाय सुजलेत. बादलीत सोडून बसलेय.

११ जुलै
नातेवाइकांना मृत्यूची बातमी कशी द्यावी — हा धडा मी अकरा वर्षं शिकवला. मुद्दे पाठ करून घेतले, मार्क दिले. आज दुपारी एका बाईंचा नवरा गेला. डॉक्टर दुसऱ्या रुग्णापाशी अडकले होते, सांगायला मीच गेले. मुद्द्यांतलं एकही वाक्य तोंडातून निघेना. नुसती शेजारी बसले. त्यांनीच विचारलं, "गेले ना?" मी मान हलवली. मग बराच वेळ त्या माझा हात धरून होत्या, मी त्यांचा नाही.
घरी येऊन प्राचार्यबाईंना फोन केला. म्हटलं, माझ्या सुट्टीच्या दिवशी एक तास द्या. पैसे नकोत. तो धडा मी चुकीचा शिकवलाय.