हास्केलला दिलेलं माप

प्रिय व्हर्ना,

आमच्या मोटरसायकल क्लबचा म्होरक्या हास्केल पेट्रोल पंपामागच्या गवतावर आडवा पडलाय. दोघं त्याचे पाय ओढून सरळ करताहेत, आणि मी कॉफी पीत तुला लिहितेय.

गेल्या वर्षी वायोमिंगच्या सफरीत तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बाई, असले गुडघे घेऊन तू सामानाच्या ट्रकमध्येच बस." म्हणून यंदा मी मोटरसायकलला पुढे जादा फुटरेस्ट लावले. पाय लांब सोडून बसता येतं. ते पाहून त्यालाही हवेसे झाले.

"किती अंतरावर लावलेस गं?"

मी माझं माप सांगितलं, अगदी खरं. मी पाच फूट, तो सव्वासहा. स्वतः गाडीवर बसून माप घ्यायचं असतं, हे मी बोलले नाही.

त्याने त्याच मापाने लावले आणि तीनशे मैल बेडकासारखा दुमडून आला. मी बघत होते, म्हणून पाय खालच्या नेहमीच्या फुटरेस्टवर घेईना.

"तुला माहीत होतं, नेडीन!" आत्ता तिथून ओरडला.

"तू माप विचारलंस, दादा."

माझा उजवा गुडघा जरा सुजलाय. आईला सांगू नकोस. तिचा खोकला थांबला का?

तुझीच,
नेडीन

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी हास्केल सामानाच्या ट्रकमध्ये बसला. दार मी लावलं.