पाठीवरची चंद्रकोर

साल्वादोर, ३ मे १९५७

चि. दाल्वानीरा हिला मामाचे भरभरून आशीर्वाद.

तुझा प्रश्न नामी आहे. चोरट्या प्रेमाच्या गाण्यांत मानेवरचा घाम असतो, ओल्या केसांचा वास असतो. मग नाव तेवढे का नसते? कारण सोपे आहे. नावावर नवऱ्याचा आणि पाद्रीबुवांचा हक्क. प्रियकराच्या वाट्याला फक्त देह येतो, म्हणून तो देहच बारकाईने सांगत बसतो. आता खरे गाणे ओळखायचे कसे, तेही ऐक. चौकातल्या कुणालाही जे दिसेल ते खोडावे. काही उरले नाही, तर ती नुसती सजावट. उरले, तर ते जवळून पाहिलेले!

जावईबापू ओझोरियो माझे जुने विद्यार्थी. औषधांचे दुकान सांभाळून ते दर रविवारी चौकातल्या कर्ण्यावर गाणी लावतात; त्यांआधी वाचायला त्यांनी काही मागितले होते. हेच धाडले आहे. तुमच्या गावच्या निवाल्दोचे नवे गाणे इथे रेडिओवर गाजते आहे म्हणतात. माझ्या कानांवर अजून पडलेले नाही, पण उदाहरणाला तेच घ्या, असे सुचवले.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा तेओदोमीरोमामा

पोर्तो मान्सो, १४ मे

ती. मामा, दाल्वानीरा वाकून आशीर्वाद मागते.

यांनी तुमचं टिपण स्वतः वाचलं आणि निवाल्दोचं गाणं ओळीओळीनं खोडलं. पिवळा झगा खोडला, केसांतली जाई खोडली. मासळीवाली लुर्दिन्या ओरडली, की अरे औषधवाल्या, असल्या पिवळ्या झगेवाल्या गावात ढिगानं आहेत, त्यात तुझी बायकोपण एक! सगळ्यांत मोठ्यानं हेच हसले. शेवटी उरली पाठीवरची चंद्रकोर. हे तिथंच थांबले.

लहानपणी मी काजूच्या झाडावरून पडले, तेव्हा पाठीवरच्या त्या जखमेवर पट्टी तुम्हीच बांधली होती. ती खूण निवाल्दोनं कशी पाहिली, हे विचारू नका.

घरी हे रागावलेसुद्धा नाहीत. जेवताजेवता म्हणाले, महिनाअखेरच्या रविवारी पिवळा झगा घाल आणि कर्ण्यावरून तेच गाणं नवऱ्याला अर्पण कर; गाव समजेल, माझ्याच सांगण्यावरून रचलंय. नाहीतर बापाच्या घरी जा. बाबा दार उघडणार नाहीत. निवाल्दोचा निरोप आला, की अर्पण केलंस तर तुझंमाझं संपलं. आणि गाव तर गातंच आहे. धुण्याच्या घाटावर, पावाच्या दुकानात, सगळीकडे माझीच पाठ. काय करू?

माया असू द्या.
तुमची दाल्वा

साल्वादोर, २० मे

चि. दाल्वा, मामाचा हात तुझ्या डोक्यावर.

तुझे पत्र वाचत असतानाच ते गाणे रेडिओवर लागले. चंद्रकोर हा कवींचा जुनाच अलंकार आहे, असे जावईबापूंना लिहिले आहे. पण ते हुशार विद्यार्थी होते, पटायचे नाही. इथे ये म्हणावे, तर नदीवरची बोट त्यांच्याच भावाची.

गाणे उलगडून दाखवणे मला येते. त्यापुढचे येत नाही. एक साधी कसोटी तेवढी सांगतो. गाणे सुरू झाले की खिडकीच्या कडीवर हात ठेव. हाताने खिडकी लावून घेतली, तर रविवारी कर्ण्यापाशी जा. हे दुखणे बरे होणारे आहे. हात तसाच राहिला, तर मला विचारू नकोस. मीही रेडिओ बंद करायच्या बटणावर हात ठेवून पाहिला. गाणे संपले, तरी तो तिथेच होता.

तुझा मामा