रावसाहेबांचं दुसरं दार

ता. ६ जानेवारी

चि. छोटीस,

अ. उ. आ. (प्रघात आहे म्हणून आशीर्वाद लिहिला. मनात आज शिव्याच आहेत.)

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. निदान पाकीट तरी फोडशील. आठ महिने माझ्या घरात राहिलीस आणि मी दूध आणायला खाली उतरले तेवढ्या वेळात बॅग उचलून चालती झालीस. टेबलावर चिठ्ठी काय, तर मुलींच्या वसतिगृहात देखरेखीची नोकरी लागली आहे, तिथे प्राणी चालत नाहीत, रावसाहेबांना सांभाळ, ते लाजाळू आहेत. बहिणीला एक ओळ आणि सशाला दोन! कॉन्व्हेंटात ‘मे आय गो, सिस्टर’ म्हटल्याशिवाय आपल्याला वर्गाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. ते सगळं वाया गेलं म्हणायचं.

तुझा नवरा गेल्यावर तू तिकडे दारं लावून बसलीस, म्हणून चार दिवसांत तुझं सामान बांधून तुला नि तुझ्या सशाला इकडे आणलं. आतली खोली दिली. एकटी बसलेली दिसलीस की बाहेर बोलावलं. काय कमी केलं ते एकदा लिहून कळव.

आता तुझे रावसाहेब. तू गेल्यापासून ते कॉटखाली. हाक मारली, गाजर दाखवलं, शेवटी झाडूच्या दांड्याने बाहेर काढलं, तर फ्रिजच्या मागे. म्हटलं, हे काही चालायचं नाही, या घरात राहायचं तर माणसांत राहायचं. कॉटखाली ट्रंका सरकवल्या, फ्रिजच्या फटीत जुने शब्दकोश कोंबले, सोफ्याखाली उशा. मग रावसाहेब बसले खोलीच्या मधोमध, डोळे वटारून. मागचा पाय असा आपटत होते की खालच्या शिंपीणबाई काय कुटताय विचारायला वर आल्या. दुसऱ्या दिवशी गवताला तोंड लावेनात. रिक्षा करून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मला नात असती तर त्या पोरीच्या वयाची असती. मलाच म्हणाली, आजी, अर्धा दिवस खाल्लं नाही तरी सशाच्या जिवावर बेततं, तुम्ही त्याला घाबरवलंत, त्याच्या लपायच्या जागा मोकळ्या करा. चौतीस वर्षं छापखान्याचा बांधणी विभाग चालवला, माझ्याशी या सुरात कोणी बोललं नव्हतं.

ट्रंका काढल्या. ते पुन्हा कॉटखाली. खातात, पण माझ्यासमोर नाही. आठ महिने तूही तशीच जेवत होतीस, आता आठवतं.

मेमध्ये तुझ्या वसतिगृहातल्या मुली सुट्टीवर जातील तेव्हा इकडे ये. हे विचारत नाही, सांगते आहे.

कळावे. लोभ आहेच, वाढवायचा का ते तू ठरव.

ताई


ता. १४ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पाकीट फोडलं. पत्र दोनदा वाचलं.

काय कमी केलंस विचारतेस. काही नाही.

रावसाहेबांना कृपा करून ओढून काढू नकोस, झाडूने तर नाहीच. ससा लपतो तो रुसून नव्हे. त्याला जग सगळं अंगावर येणारंच वाटतं. लपायला आपली जागा आहे असं एकदा कळलं की तो हळूहळू बाहेर येतो. जागाच नसली तर नुसता थिजून बसतो. कोपऱ्यात एक खोका ठेव, त्याला अंग ताणून पसरता येईल एवढा. आत थोडं गवत.

शिवणाच्या वर्गात मी टेबलाखाली जाऊन बसायचे, आठवतं? सिस्टरनी सांगितलं म्हणून तू पाय धरून ओढलं होतंस. मी आलेच नाही, मोजा तेवढा तुझ्या हातात आला. मुली महिनाभर हसत होत्या.

इथे मला एक खोली आहे. खिडकीतून दोरीवर वाळणारे साठ टॉवेल दिसतात. मुली बऱ्या आहेत, कोणी फारसं काही विचारत नाही. सुट्टीत मी इथेच राहीन. इथल्या माळीकाकांच्या घरी रावसाहेबांची सोय होते का बघते आहे. झाली तर मेमध्ये कोणीतरी न्यायला येईल, म्हणजे तुझ्यामागची कटकट संपेल.

गुडघ्यांना जप. आहे तो लोभ असू दे.

छोटी


ता. २५ जानेवारी

चि. छोटीस,

अ. उ. आ.

माळी! मी रिक्षा करून डॉक्टरांकडे धावले, पातळ औषध पिचकारीने पाजलं, तळहाताला दात लावून घेतले, आणि ससा जाणार माळ्याकडे. माझी कटकट तू कशाला संपवतेस? मी तक्रार केली का? केली असेल. ती माझी बोलायची पद्धत आहे, साठ वर्षांत तुला कळू नये?

आणि मोज्याचं सांगतेस तर पुरतं सांग. त्याला टाचेशी भोक होतं. सिस्टरना दिसू नये म्हणून मी माझा तुला दिला आणि दिवसभर एका पायात मोजा नसताना फिरले. ओढलं ते लक्षात राहिलं, हे बरं विसरलीस.

खोका ठेव म्हणे! वाण्याकडचा साबणाचा खोका मी घरात ठेवीन? जाड पुठ्ठा आणला. हात थोडा थरथरतो, तरी पोलादी पट्टी धरून एका रेषेत कापला. टाचणी नाही, चिकटपट्टी नाही, सगळं कणकेच्या खळीने चिकटवलं, कारण डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते कुरतडणारच. कडांना कापड लावलं, कोशांच्या पाठीला लावायचो तसं. कमानीचं सुबक दार केलं. छत असं सपाट की वर चहाचा कप ठेवावा. शिंपीणबाई म्हणाल्या, यात मीच राहायला येते.

माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर ठेवला, म्हणजे आत बसले तरी मला दिसतील. आज सहा दिवस झाले. तुझे रावसाहेब त्या घराच्या मागे बसतात. आत नाही, मागे! दारातून नाक घालतात, माझ्याकडे बघतात आणि निघून जातात. मी यापुढे कोणाचं काही करणार नाही.

पत्रात खोलीचं लिहिलंस, जेवणाचं नाही. नीट जेवतेस का?

कळावे. रागातला असला तरी लोभच.

ताई


ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

मोज्याला भोक होतं हे मी खरंच विसरले होते. चुकलं.

घराचं वर्णन वाचून बघावंसं वाटलं. पण ताई, दार एकच केलंस ना? सशाला दोन लागतात. एका दाराशी कोणी येऊन उभं राहिलं तर दुसऱ्याने निघता आलं पाहिजे. एकच दार असलं तर ते घर कितीही सुंदर असो, त्याला तो सापळाच वाटतो. दुसऱ्या दाराने तो रोज जाईल असं नाही. ते आहे, एवढं त्याला पुरतं.

आणि खुर्चीसमोरून हलव. आत गेला की डोकावू नकोस, हाक मारू नकोस, गाजरही दाखवू नकोस. तू प्रेमाने बघतेस हे त्याला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की कोणीतरी सारखं बघतंय.

मी हे सशाबद्दल लिहिते आहे.

जेवते.

लोभ ठेवशीलच.

छोटी


ता. २० फेब्रुवारी

चि. छोटीस,

अ. उ. आ.

दुसरं दार कापलं. चांगल्या कामाला भोक पाडताना जीव तुटला, पण कापलं. घर पुस्तकांच्या कपाटाशेजारी नेलं, खुर्चीकडे पाठ करून. संध्याकाळी रावसाहेब एका दाराने आत गेले, दुसऱ्याने बाहेर आले, पुन्हा आत गेले. असं अकरा वेळा. मग आतच राहिले.

परवा दुपारी मात्र घात झाला. बाहेर येऊन त्यांनी एकाएकी कुशीवर अंग टाकलं, चारही पाय लांब, डोळे मिटलेले. मी ‘गेले, रावसाहेब गेले’ म्हणत जमिनीवर बसले, आणि तुला काय तोंड दाखवू म्हणून रडले. तुझा नवरा गेला तेव्हाही मी रडले नव्हते, सामान बांधत होते. आवाजाने शिंपीणबाई धावत आल्या. तर रावसाहेबांनी एक डोळा उघडला, आम्हा दोघींकडे अत्यंत तिरस्काराने बघितलं आणि पुन्हा मिटला. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या हसल्या. म्हणाल्या, ससा निर्धास्त झाला की असा कलंडून झोपतो.

शिंपीणबाई गेल्या. मला काही उठता येईना, गुडघे तुला माहीतच आहेत. म्हणून तासभर तिथेच बसून राहिले. आतल्या खोलीचं दार समोर होतं. दाराबाहेर तीन पावलांवर माझी खुर्ची. आठ महिने मी त्या खुर्चीत पेपर घेऊन बसत होते आणि तू उंबऱ्याशी आलीस की पेपर खाली करून विचारत होते, कुठे निघालीस, कधी येशील, स्वेटर घेतलास का. कितीदा तू तिथूनच परत वळलीस. मला वाटायचं, तुझा विचार बदलला.

तू ते सशाबद्दलच लिहिलं होतंस, म्हणून मीही सशाबद्दलच लिहिते आहे.

कळावे. लोभ आहे, त्याचं काय करायचं ते मला अजून नीट जमत नाही.

ताई


ता. १६ मार्च

चि. छोटीस,

अ. उ. आ.

तुझं उत्तर आलं नाही. बरं. पोस्टमन दोनदा आला, दोन्ही वेळा विजेचं बिल. एकाच महिन्याचं दोनदा, पण त्याच्याशी भांडायलाही गेले नाही, यावरून काय ते समज.

आतल्या खोलीतलं कपाट आठवतं? त्याच्यामागे एक दार आहे, मागच्या जिन्यावर उघडणारं. घर घेतलं तेव्हा मीच त्यावर कपाट लावलं. एकटीला दोन दारं कशाला, असं वाटलं होतं. सुताराला बोलावून कपाट हलवलं. दार रंगाने चौकटीला चिकटलं होतं, त्याने पातं फिरवून सोडवलं, बिजागऱ्यांना तेल दिलं, नवं कुलूप बसवलं. उजेड इतका आला की खोली कोणा दुसऱ्याची वाटली. जिन्याची चौथी पायरी वाजायची, तीही दुरुस्त करून घेतली. आता त्या जिन्याने कोणी आलं किंवा गेलं तर मला कळणार नाही. माझी खुर्ची खिडकीकडे वळवली आहे. समोरच्या इमारतीची भिंत दिसते.

तुला ये म्हणत नाही. जानेवारीत म्हटलं होतं ते खोडून टाक. रावसाहेबांना माळीकाकांकडे द्यायचं असेल तर घर सोबत पाठवीन, त्यांना सवय झाली आहे. त्यांच्या घराची हमी देते, ते उखडणार नाही. हल्ली ते सकाळी माझ्या पावलाशी येऊन बसतात. मी खाली बघत नाही. बघितलं की उठून जातात.

सोबत किल्ली आहे. दुसरी मी केली नाही.

कळावे. लोभ इकडे आहे, तिकडे असलाच पाहिजे असं नाही.

ताई


ता. २ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

किल्ली पोचली. पाकिटात ती खुळखुळत होती, मुलींनी काय आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं नाही. मग सांगितलं.

गेल्या पत्राला उत्तर चार वेळा लिहायला घेतलं. त्यात माझ्या नवऱ्याबद्दल येत होतं, म्हणून राहिलं. कधीतरी लिहीन.

माळीकाकांना नको म्हणून कळवलं. त्यांच्याकडे कुत्रा आहे.

सुट्टी दहा मेला लागते. येईनच असं लिहीत नाही. तूही वाट बघू नकोस, निदान खुर्चीत बसून नको. चौथी पायरी मात्र दुरुस्त करायला नको होती, ताई. वाजली असती तरी चाललं असतं.

किल्ली परत पाठवत नाही.

तुझी,
छोटी