गेट उघडल्यावर

११ एप्रिल, अल्बुकर्की
दुपारची मॅच. आठव्या इनिंगला गेलो, तिघांना आउट केलं, एक हिट. बरं. इथली हवा विरळ, कर्व्ह वळतच नाही, नुसता खाली येतो बिचारा. खांदा ओके. बर्फ वीस मिनिटं.
सकाळी नागपूरहून बंडूकाकांचा फोन. त्यांना दर सीझनला नव्याने सांगावं लागतं की बेसबॉलमध्ये मी मॅच सुरू करत नाही, सुरू करणारा पिचर, म्हणजे बोलर, दमला की शेवटी मला पाठवतात. "म्हणजे नाइट वॉचमन?" नाही काका, डेथ ओव्हर्स. "मग टीव्हीवर कधी दिसणार?" वरच्या टीममध्ये घेतील तेव्हा. नऊ वर्षं हेच उत्तर. ऑगस्टमध्ये बत्तिसावं लागेल.
वही लॉकर रूममध्ये कुठेही पडलेली असते, म्हणून मराठीत. इथे कोणाच्या बापाला वाचता येत नाही.

१९ एप्रिल
विचित्र. बुलपेनमधला, म्हणजे कुंपणाआड हात गरम करायच्या जागेतला, फोन वाजला, उठलो, दहा-बारा बॉल टाकून हात गरम केला. कुंपणातलं गेट उघडलं, गवतावर पाय ठेवला. त्यापुढची आठवण थेट ही की रुबेन, आमचा कॅचर, म्हणजे विकेटकीपरच, माझ्या छातीवर त्याचा जाड ग्लोव्ह, मिट, आपटून ओरडतोय, "मँडी, हे इतकी वर्षं कुठे लपवलं होतंस!" तिघेही बॅटर आउट. नऊ बॉल.
मला एकही आठवत नाही.
ऊन फार होतं. पाणी कमी पडलं असेल.

२३ एप्रिल
पुन्हा. गेट, गवत, आणि मग एकदम डगआउट, आमच्या टीमचा बाक. मधलं कापून टाकल्यासारखं.
स्पीडच्या बोर्डावर ९८ आलं म्हणे. मी ९३ मैलांचा माणूस आहे. कॉलेजपासून ९३.
कोणाला बोललो नाही. बोलायचं काय? जिंकलो की.

२ मे
डेलने टॅबवर व्हिडिओ दाखवला. डेल म्हणजे पिचिंग कोच, साठीचा, टेक्सासचा, कौतुक करायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं. आज तोंडभरून हसत होता. बॉल पकडायची माझी पद्धत झूम करून विचारलं, "ही ग्रिप कोणी शिकवली?"
मी बघत राहिलो. हात माझाच, नखावरचा काळा डाग माझाच. पण दोन बोटं शिवणीवर तिरकी, अंगठा पार आत दुमडलेला. असा बॉल मी आयुष्यात धरलेला नाही. "यूट्यूब," म्हटलं.
डेल हसला. मग म्हणाला, "आणि पापण्या मिटायला विसरतोस वाटतं."
पूर्ण इनिंग बघितली. खरंच, एकदाही नाही.
नंतर रूमवर तशी ग्रिप धरून बघितली. अंगठा दुखला.

११ मे, सनीव्हेल
सोमवार, सुट्टी. घरी येऊन गेलो. आईने थालीपीठ, बाबांनी गेल्या सहा मॅचेस इंटरनेटवरून रेकॉर्ड करून ठेवलेल्या.
आईला बारा वर्षांपूर्वीच्या तापानंतर ऐकू येत नाही, ती ओठ वाचते. टीव्हीसमोर बसली होती. रिमोट घेऊन तेच तेच मागे नेत होती.
"मंदार, तू बोलतोस काहीतरी."
"कुठे?"
"हे बघ. मराठीत बोलतोयस. बाजूला हो, म्हणतोस."
सहाच्या सहा मॅचेस. एकदाच, पण दर मॅचला. बाबा म्हणाले, "बॅटरला म्हणत असेल गं, रागाने. आमचा पोरगा तापट आहेच." आई हसली नाही. मीही नाही.

१२ मे
विमानात लक्षात आलं. ते शब्द बोलताना समोर बॅटर नसतो. कोणीच नसतं. मी गेटमधून आत आलेला असतो, मैदानाच्या मधोमध, एकटा चालत.
मग सांगतोय कोणाला?
आणि त्यानंतरचंच आठवत नाही.

२८ मे
रुबेनचा अंगठा मोडला. माझ्या बॉलवर.
कुठला बॉल टाकायचा ते तो मनगटावरचं बटण दाबून सांगतो, माझ्या कॅपमधल्या छोट्या स्पीकरमधून मला ऐकू येतं. त्याने बाहेर वळणारा स्लायडर सांगितला होता. गेला तो सरळ, आत, ९९. मिट पोचायच्या आत.
हॉस्पिटलमध्ये गेलो. त्याची बायको बाहेर कॉफी आणायला गेल्यावर रुबेन हळू बोलला. "तू बटणाची वाटच बघत नाहीस यार, महिनाभर. मला वाटायचं, विन्स होतायत, होऊ दे." मग म्हणाला, "मधेच माउंडवर तुझ्यापर्यंत चालत येऊन बोललो ना मी, आज आणि परवा. काय म्हणालास आठवतं?"
"काय?"
"काहीच नाही. माझ्याकडे बघत होतास. मी कोण आहे ते तुला माहीतच नव्हतं, असं."
चार वर्षं आम्ही रूममेट्स. त्याच्या मुलीच्या बारशाला, म्हणजे त्यांच्या बॅप्टिझमला, मी होतो.
सॉरी म्हटलं. कोणाच्या वतीने म्हटलं, देव जाणे.

३ जून
सांगून टाकायचं ठरवलं. डॉक्टर, टेस्ट्स, सीझन गेला तरी चालेल. डेलच्या ऑफिसात गेलो. त्याने दार लावलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "वरून फोन आला होता. बॅग भर."
नऊ वर्षं.
नाही सांगितलं. थँक यू म्हणालो. त्याने मिठी मारली, म्हातारा रडत होता.
घरी फोन केला, बाबांनी तो आईच्या हातात दिला. आई व्हिडिओवर आली, माझ्या ओठांकडे बघत. "तिथे डॉक्टर चांगले असतील ना? तिथे तरी सांग."
"हो," म्हटलं.

९ जून
वरची टीम. चाळीस हजार माणसं. पहिला चान्स, सातवी इनिंग.
गेट उघडलं. या वेळी मी तयार होतो. गवतावर पाय ठेवला आणि ऐकू आलं. कानात नाही. तोंडात. जीभ आपोआप हलायला लागली, बा, जू... मी दात आवळले. मग मोठ्याने म्हणालो, "नाही होत बाजूला. नाही होत मी." सेंटर फील्डरने वळून बघितलं.
राहिलो. प्रत्येक पाऊल आठवतंय. ओल्या गवताचा वास, बॅटरचा घामेजलेला वरचा ओठ, कुठेतरी भाजणारे कांदे. ९३. पहिल्याने डबल मारला, दोन बेस पळाला, दुसऱ्याने होमरन, बॉल गेला तो पार मागच्या पार्किंगकडे. एकच आउट. काढून घेतलं मला.
डगआउटमध्ये कोणी शेजारी बसलं नाही. तरी टॉवेलखाली तोंड घालून हसत होतो. वेड्यासारखा. सगळं आठवत होतं.

१२ जून
मॅनेजरने बोलावलं. चांगला माणूस, आवाज चढवत नाही. समोर टॅब, त्यावर माझेच मे महिन्यातले व्हिडिओ. "मी ह्याला बोलावलं होतं," म्हणाला, स्क्रीनवर बोट ठेवून. "हा कुठे आहे?"
मी टॅब त्याच्याकडे परत सरकवला.
उद्या दुपारी एक चान्स. नाही जमलं तर परत खाली, आणि या वयात खाली म्हणजे घरी.
आई-बाबा उद्या सकाळच्या फ्लाइटने येतायत. पहिल्यांदा मोठ्या मैदानावर बघणार मला. बाबांनी नवा शर्ट घेतला.
९३ ने होणार नाही, मला माहितीये. डेललाही माहीत होतं, सगळ्यांना नऊ वर्षं माहीत होतं.
गेटपाशी काय करायचं, अजून ठरलेलं

१३ जून
आज सगळं आठवतं आहे. गेट उघडल्यापासूनचा प्रत्येक क्षण स्वच्छ आठवतो आहे. बेसेसवर त्यांचे तिघे धावायला उभे होते आणि एकही आउट नव्हता. मी दहा बॉल टाकले आणि पुढचे तिन्ही बॅटर परत गेले. अंगठा अजिबात दुखत नाही. मॅनेजरने हात मिळवला. लोक उभे राहिले होते.
सकाळचं मात्र नीट आठवत नाही. कुठल्या रस्त्याने आलो, नाश्ता केला का, या वहीत काल काय लिहिलं. वरचं वाचून काढलं. अक्षर लावायला जरा वेळ लागला.
मॅच संपल्यावर खेळाडूंच्या दाराशी दोघे उभे होते. बाबांनी मिठी मारली, शर्ट खांद्यावर ओला झाला त्यांच्या रडण्याने. आई दोन पावलं मागे होती. तिने बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हणालो, "आई, बघितलंस ना?"
तिने पर्स छातीशी धरली. मग हळू, जपून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "व्हेरी गुड गेम. यू मस्ट बी टायर्ड."
आई इंग्लिश फक्त परक्या माणसांशी बोलते. बँकेत, क्लिनिकमध्ये. बाबा गोंधळून तिच्याकडे बघत राहिले.
मी म्हणालो, "थँक यू."
हॉटेलपर्यंत ती बाबांच्या पलीकडे बसली. उतरताना माझ्याकडे वळली आणि या वेळी मराठीत, अगदी हळू, विचारलं, "तो कुठे आहे?"