खुर्चीत दिलेली झोपेची परीक्षा

सानपाडा, ५ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
अभयचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरी आहे’ म्हणून विषय मिटवतेस, म्हणून ही लेखी तक्रार. गीतांजलीच्या लग्नासाठी तिच्या बापाने महिनाभर खपून शार्दूलविक्रीडितात मंगलाष्टकं रचली आणि दुसऱ्याच कडव्याला वधूची सख्खी आत्या खांबाला टेकून झोपली! मुठीतल्या अक्षता मुठीतच. संस्कृतच्या मास्तराचा एवढा अपमान विद्यार्थ्यांनीही केलेला नाही.

शिवाय मुक्कामाला न थांबता रात्रीच खारघर गाठलंस. तुझी सून मनस्वी सांगते की तुला घोरण्याची लाज वाटते, आणि घोरताना तुझा श्वास मध्येच थांबतो. डॉक्टरांना दाखव. हल्ली तपासणीचं यंत्र घरीच देतात: बोटाला चिमटा, नाकाशी नळी, छातीला पट्टा, आणि झोपायचं. त्यात तर तू पारंगत आहेस.

अपमानित कवी,
अभय

खारघर, ६ जानेवारी २०२५

चि. अभयला ताईचे अनेक आशीर्वाद.

मंगलाष्टकं आटोपशीर असती तर अर्धा हॉल जागा राहिला असता. असो.

यंत्र आणलं. मला वाटलं, ते घोरणं टेप करतं आणि डॉक्टर सगळ्यांदेखत ऐकतात. म्हणून मी खुर्चीत ताठ बसून झोपले. बसलं की घोरणं कमी होतं, ही तुझे भाऊजी होते तेव्हापासूनची युक्ती. रिपोर्ट झकास आला! पण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी रात्रभर आडव्याच झाल्या नाहीत का. मेलं त्या यंत्राला तेही कळतं. मनस्वी हसून लोटपोट.

पुन्हा तपासणी, या वेळी पलंगावर. तासाला तीसेक वेळा श्वास अडतो म्हणे. आता झोपताना हवेचं मशीन आणि नाकावर मास्क. सकाळची डोकेदुखी गेली, दुपारी पेपर शेवटपर्यंत वाचते. तू कुरकुरला नसतास तर मी वयाचा थकवा म्हणूनच बसले असते. तुझे आभार मानले असते, पण धाकटा आहेस, डोक्यावर बसशील.

ताई

सानपाडा, २० जानेवारी २०२५

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

त्या मशीनचा आणि मनस्वीचा मी जन्माचा ऋणी आहे. मात्र तिच्याकडूनच कळलं की संक्रांतीला तुझ्या नणंदा राहायला आल्या, तेव्हा तू मास्क कपाटात लपवलास आणि दोन्ही रात्री तशीच झोपलीस.

ताई, थट्टा पुरे. आपले वडील, आप्पा, झोपेत गेले तेव्हा सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस. मीही मान डोलावली. तेही असेच घोरायचे, मध्येच गप्प व्हायचे. त्यांना काय झालं होतं, ते आता कळायचं नाही. तुझं मात्र कळलंय.

कुणीही पाहुणे असोत, मास्क लावत जा, आणि माझ्यावरची माया अजून बरीच वर्षं चालू ठेव. मला अरे-तुरे करणारं आता तुझ्याशिवाय कुणी नाही. तूही झोपेतच जाशील याची मला रोज भीती वाटते.

तुझा,
अभय