लाल पेन्सिलीची ओळ

प्रिय ठकूबाई,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळं ठीक आहे. तुझ्या आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात, पण चालतात, माझ्यासारखेच. अस्वस्थ आहे तो मी. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठलो, खिडकी उघडली, लावली, परत उघडली. आई म्हणते, घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून तुमच्या अंगात लोलक शिरलाय.

या येरझाऱ्यांना वैतागूनच तिने मला ग्रंथालयात पिटाळलं. तिथे दर ऋतूला काही शनिवारी लिहिणाऱ्यांच्या बैठका भरतात. विषय एकच, चालू ऋतू. आठवडाभरात लिहून आणायचं, कागदावर नाव घालायचं नाही, घडी करून डब्यात टाकायचा आणि हाताला येईल तो दुसऱ्याचा कागद वाचायचा. आपलं आपण वाचायचं नाही, हा कडक नियम. ग्रंथपालबाई म्हणाल्या, खिडकीबाहेर बघा, हिवाळा आपोआप सुचेल. मी तासभर बघितलं. समोरच्या बेकरीचं शटर दिसलं. हिवाळा कुठे दडून बसला होता देव जाणे! शेजारच्या खुर्चीवरची नर्स मात्र तिथेच पानं भरत सुटली होती. माझं डोकंच उठलं.

आठवडा संपत आला तरी कागद कोराच. आणि दुकानातून आणलेला खण आवरताना, स्प्रिंगांच्या डबीखाली तुझी सातवीतली वही सापडली. चार लोकांत नाक कापलं जाऊ नये म्हणून मी त्यातलं एक पान उतरवून काढलं. हो, चोरी केली. या वयात, आणि तीही पोटच्या पोरीची.

तो कागद नेमका नर्सच्या हाताला आला. तू लिहिलं होतंस, हिवाळा आधी बाबांच्या दुकानात येतो. घड्याळ उघडण्याआधी ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतात. लोकांना वाटतं, बाबा विचार करताहेत. मला माहीत आहे, त्यांची बोटं गारठलेली असतात आणि ते कुणाला सांगत नाहीत. ठकू, हे ऐकताना मी तसाच बसलो होतो गं, हात मांड्यांखाली! एकेकाचं लक्ष माझ्याकडे गेलं. टाळ्या काय, पाठीवर थापा काय. लेकीच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघितलंत, काय कल्पना आहे, म्हणाले. आणि मी मूग गिळून बसलो. आता ते पान ग्रंथालयाच्या पुस्तिकेत माझ्या नावाने छापायचं चाललंय. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

पण चोरी लपली म्हणून जीव खालीवर होत नाहीये. त्या पानावरची एक ओळ मी उतरवली नाही. तळाशी लाल पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘असल्या फालतूपणात वेळ घालवू नकोस. गणित बघ.’ त्यापुढची सगळी वही कोरी आहे. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, पोरीचा लिहिण्याचा नाद आपोआप सुटला. तुझे ‘बरी आहे, कामात आहे’ एवढेच निरोप येतात, तेव्हाही वाटायचं, पोरगी मुळातच अबोल. शनिवारी पुन्हा बैठक आहे. मी उभा राहून खरं सांगणार आहे. नाव तुझं छापू का, ते तू सांग. आपलं आपण वाचायचं नाही, त्यामुळे तुझं पान मी वाचेन, लाल ओळीसकट. ती रबराने खोडायला गेलो तर कागद फाटायला लागला, म्हणून तशीच ठेवलीय. तिच्याखाली आज एवढंच लिहिलंय, ‘चुकलो गं.’ जमलं तर ये. येताना एक कागद लिहून आण, डब्यात टाकायला.

तुझाच, हात अजून मांड्यांखाली धरून बसणारा,
बाबा