थंडी जाते कुठे

सोमवार, ५ नोव्हेंबर १९५६
भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून एस.टी.ने किहीमच्या फाट्यापर्यंत, आणि पुढे शेठचा माणूस छकडा घेऊन उभा. हवा सुरेख, वाऱ्याला सुकत्या बोंबलांचा वास. कमळने दिवाळीच्या फराळाचा डबा बरोबर दिलाय. छकड्यातच दोन चिरोटे संपवले. अर्धं आयुष्य यंत्रं विकणाऱ्या कंपनीत काढून मी स्वतंत्र झालो, त्यानंतरचं हे पहिलं मोठं काम. आता माझ्याकडे विकायला काही नाही, फक्त मत आहे. ते द्यायला कुणाची भीड नाही.

दयाराम शेठचा बर्फाचा कारखाना खाडीच्या तोंडाशी, टेकडीला पाठ लावून उभा आहे. माझी खोली इंजिनघराच्या वरच. शेठ म्हणाले, इंजिनं दोनाची चार केली तरी बर्फ वाढत नाही, मासळी होड्यांतच नासते. आधी आलेले सल्लागार 'नवी यंत्रं घ्या' एवढंच सांगून गेले. मी म्हटलं, आधी जे आहे ते काय करतं ते पाहू.

बुधवार, ७ नोव्हेंबर
नळ्यांच्या मागे फिरतोय. कारखाना अनेकदा वाढवला, दर वेळी वेगळ्या मिस्त्रीने. जुनं कुणी काढलं नाही, नवं वर चढवलं. सगळी रचना ठाऊक असलेला माणूस इथे एकही नाही; ज्याला त्याला आपापल्या कोपऱ्यातले कॉक ठाऊक. इंजिनवाला नामा भला माणूस. दोन्ही पाळ्या तोच करतो, नळ्यांतून थंडी वाहणाऱ्या अमोनियाने डोळे कायम लाल. त्याची बायको सगुणा फाटकापाशी राहते, माझं जेवण तिच्याकडे. आज तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. दोनदा मागून घेतली.

यंत्रं जेवढी थंडी करतात तिच्या निम्म्याचाच बर्फ होतो. उरलेली जाते कुठे?

गुरुवार, ८ नोव्हेंबर
सापडलं. लाद्यांच्या हौदामागून एक जाड नळी निघते, हिमाने पांढरी झालेली, आणि टेकडीकडच्या भिंतीत शिरते. हातभर अंतरावर तीच परत बाहेर येते. तिथे हात लावला तर चटका बसला. अमोनिया आत जातो गार, बाहेर येतो तापलेला. भिंतीमागे खोली नाही, नुसता डोंगर. नामाला विचारलं. तो म्हणाला, "मला काय ठावं, साहेब? मी आल्यापासून चालूच हाय. बंद करायचं कुणी बोललं न्हाय." शेठनाही माहीत नाही, कारखाना त्यांनी चालता विकत घेतला.

मी मत दिलं: जिचा उपयोग कुणालाच सांगता येत नाही, ती नळी बंद करा. शेठनी विचारलं, जबाबदारी तुमची? म्हटलं, माझी. नामाने कॉक फिरवला.

शनिवार, १० नोव्हेंबर
बर्फ दुपटीवर गेला! होड्या भरभरून लाद्या गेल्या. शेठनी पेढे वाटले. नामाला आजपासून एकच पाळी. सगुणाने खुशीने मला तळलेली सुरमई वाढली. सोमवारी निघेन म्हणतो.

मागची भिंत कोमट लागते. गारठलेले गडी जेवणाच्या सुट्टीत तिला पाठ टेकून मजेत बसले होते.

रविवार, ११ नोव्हेंबर
भिंतीची ऊब सगळीकडे सारखी नाही. मी उभा असतो तिथे ती जास्त असते. सरकून पाहिलं, तीही सरकली. तळहात ठेवून भिंतीच्या टोकापर्यंत चालत गेलो. ऊब बरोबर आली. काहीतरी कारण असणार. असायलाच हवं.

सोमवार, १२ नोव्हेंबर
नामा गेला.

जेवून भिंतीला टेकला तो उठलाच नाही. सगुणा हाका मारत आली. चेहरा हसरा होता. मी खांद्याला धरलं तर लादीसारखा गार, भुवयांवर हिम. पाठीमागची भिंत मात्र तापलेली. तिघांनी ओढला तेव्हा सुटला. त्याच्या पाठीची — ते लिहीत नाही.

कॉक पुन्हा उघडला. नळी पांढरी होत नाही.

मंगळवार, १३ नोव्हेंबर
गडी पळाले. मीही बॅग घेऊन फाटकाशी गेलो. बाहेरून कुलूप. शेठ गजांपलीकडे उभे, नजर देईनात. म्हणाले, मुंबईहून माणसं येईपर्यंत भिंतीत थंडी चालू ठेवा. तुमच्याशिवाय इंजिनं चालवणारं आता कोण आहे? किल्ली सगुणाच्या हातात. मी तिच्यापुढे हात जोडले. ती म्हणाली, "तुमी सांगितलंत, म्हणून त्यानं बंद केलं. आता तुमीच बगा." आवाज चढवला नाही.

कुंपण उंच, वर काचा. चढता येईल ते फक्त त्या भिंतीवरून.

बुधवार, १४
सगळी इंजिनं चालू. सगळी थंडी भिंतीत. तरी ती गरमच — आणि बाकी सगळं गारठतंय. चहा कपातच थिजला. खिडकीबाहेर ऊन आहे. माझ्या अंगाला ते लागत नाही —

गुरुवार
तेल संपत आलं. फाटकाशी जाऊन ओरडलो. गजाला हात चिकटला, कातडी गेली. सगुणा धावत आली. माझ्याकडे पाहिलं आणि रडायलाच लागली. किल्ली घातली. फिरेना — कुलूप आतून गोठलंय. "थांबा, मान्सं आणते," म्हणाली आणि पळत —

शुक्रवार असावा
शाई गोठली. पेन्सिल घेतली. इंजिनं गप्प.

फाटकावर घण पडतायत. तिने माणसं आणली. ओरडावं तर आवाज नाही — लिहून ठेवतो. आत येऊ नका. टेकू नका कुणी —

बोटं वळतच नाहीत. भिंतीजवळ तेवढी वळतात. म्हणून इथे बसलोय. टेकलो नाही. कमळ, मी टेकलो नाही, एवढं लिहून होईपर्यंत फक्त खांदा —